कंडक्टिंग पॉलिमर नॅनोकंपोझिट फिल्मचे गुणधर्म संख्याशास्त्राच्या मदतीने कसे सुधारायचे

पेडॉट-पीएसएस या वीजवाहक पॉलिमरमध्ये कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, मिसळून पातळ, पारदर्शक, वीजवाहक फिल्म बनवायची असेल, तर बहुतेक जण एका वेळी एकच गोष्ट बदलत जातात. आधी नॅनोट्यूबचं प्रमाण ठरवतात. मग ते प्रमाण कायम ठेवून सोनिकेशनची (अल्ट्रासाउंडने नळ्यांचे गुच्छ सुटे करण्याची) वेळ, मग डीएमएसओ (वाहकता वाढवणारं द्रावक), मग स्पिनचा (द्रावण पसरवायला काच फिरवण्याचा) वेग, शेवटी ॲनिलिंगचं (फिल्म तापवण्याचं) तापमान. कष्ट भरपूर होतात, आलेखही छान येतात, पण हाती लागलेली रेसिपी सर्वोत्तम असतेच असं नाही. कारण हे घटक एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. नॅनोट्यूब वाढवल्या की त्या सुट्या करायला जास्त सोनिकेशन लागतं, आणि सोनिकेशन फार झालं की नळ्या तुटून आखूड होतात. पहिल्या टप्प्यात ‘उत्तम’ ठरलेलं प्रमाण हे त्या दिवशी निवडलेल्या सोनिकेशनपुरतंच उत्तम होतं.

यावरचा उपाय म्हणजे डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स: अनेक घटक एकाच वेळी, आखून ठरवलेल्या प्रयोगांत बदलायचे. त्यावर साहित्य भरपूर आहे, पण फिल्मच्या कामात नेमकं कुठे घोडं अडतं ते त्यात सहसा सापडत नाही. म्हणून हा लेख पेडॉट-पीएसएस आणि नॅनोट्यूबचं एकच उदाहरण घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जातो. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. पद्धत मात्र चांदीच्या नॅनोवायर, ग्राफीन किंवा पॉलिॲनिलीनच्या फिल्मलाही लागू पडते.

पायरी १: मोजायचं काय, ते आधी ठरवा

‘गुणधर्म सुधारायचे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘५५० नॅनोमीटरला ८५ टक्के प्रकाश पार होत असताना शीट रेझिस्टन्स शक्य तितका कमी’ हे उद्दिष्ट आहे. शीट रेझिस्टन्स म्हणजे फिल्मच्या एका चौरस तुकड्याचा विद्युत रोध.

शीट रेझिस्टन्ससाठी फोर-पॉइंट प्रोब वापरतात. चार सुया एका रेषेत समान अंतरावर असतात. बाहेरच्या दोन सुयांतून करंट सोडायचा आणि आतल्या दोन सुयांमधला व्होल्टेज मोजायचा. फिल्म सुयांमधल्या अंतराच्या मानाने खूप मोठी आणि खूप पातळ असेल, तर व्होल्टेज भागिले करंट या उत्तराला ४.५३२ ने गुणलं की शीट रेझिस्टन्स मिळतो. हा आकडा म्हणजे पाय भागिले २ चा नैसर्गिक लॉगरिदम. समजा ०.१ मिलिअँपिअरला ४.४ मिलिव्होल्ट आले. भागाकार ४४ ओहम, म्हणून शीट रेझिस्टन्स सुमारे १९९ ओहम प्रति स्क्वेअर. फिल्मची जाडी ८० नॅनोमीटर असेल तर वाहकता जवळपास ६२७ सीमेन्स प्रति सेंटिमीटर येते. नमुना लहान असेल, किंवा सुया कडेजवळ टेकत असतील, तर ४.५३२ चालत नाही. त्यासाठीचा सुधारणा-गुणक लावायलाच हवा, नाहीतर सगळ्या रीडिंगमध्ये एकाच दिशेची चूक शिरते आणि कितीही पुनरावृत्ती केली तरी ती निघत नाही.

मोजताना दोन सवयी लावून घ्या. करंटची दिशा उलटी करून दुसरं रीडिंग घ्या आणि दोन्हींच्या मापांची सरासरी काढा, म्हणजे सुयांच्या टोकांशी तापमानातल्या फरकामुळे तयार होणारा व्होल्टेज कटतो. आणि करंट दुप्पट केल्यावर व्होल्टेजही दुप्पट होतो ना, हे पाहा. होत नसेल तर सुयांचा संपर्क बिघडलाय किंवा फिल्म तापतेय.

पायरी २: शाई वेगळी, जाडी वेगळी

माझ्या मते या विषयातला सगळ्यात कळीचा मुद्दा हाच आहे, आणि नेमका तोच डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे विचारला जात नाही.

स्पिनचा वेग वाढवला की फिल्म पातळ होते. जाडी साधारण वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. फिल्म पातळ झाली की पारदर्शकता वाढते आणि शीट रेझिस्टन्सही वाढतो. म्हणजे वेग बदलून तुम्ही पदार्थ सुधारत नाही, त्याच पदार्थाच्या एका ठरलेल्या वक्रावर पुढे-मागे सरकता. तो वक्रच हलवायचा असेल तर शाई, म्हणजे फिल्म ज्यापासून बनते ते द्रावण, बदलावी लागते: नॅनोट्यूबचं प्रमाण, सोनिकेशन, डीएमएसओ.

दोन फिल्म घ्या. पहिलीतून ८५ टक्के प्रकाश पार होतो, शीट रेझिस्टन्स १०० ओहम. दुसरीतून ८० टक्के, पण रेझिस्टन्स ६० ओहम. चांगली कोणती? १९७६ साली हाके यांनी सुचवलेला निर्देशांक म्हणतो: पारगम्यतेचा (पार झालेल्या प्रकाशाच्या हिश्शाचा) दहावा घात भागिले शीट रेझिस्टन्स. ०.८५ चा दहावा घात ०.१९७, म्हणून पहिलीचं उत्तर ०.००१९७. दुसरीचं ०.००१७९. पहिली जिंकली.

आता शोषण पाहू. पारगम्यतेच्या १० पायाच्या लॉगचं चिन्ह बदललं की शोषणांक मिळतो. पहिलीचा ०.०७०६, दुसरीचा ०.०९६९. परावर्तन बाजूला ठेवलं तर शोषणांक जाडीच्या सम प्रमाणात वाढतो आणि शीट रेझिस्टन्स व्यस्त प्रमाणात घटतो, त्यामुळे दोहोंच्या गुणाकारातून जाडी निघून जाते आणि उरतो तो फक्त पदार्थ. पहिलीचा गुणाकार ७.०६, दुसरीचा ५.८१. जितका कमी तितका चांगला, म्हणजे शाई दुसरीची सरस! तीच शाई जरा जास्त वेगाने फिरवून ८५ टक्क्यांवर आणली, तर शीट रेझिस्टन्स १०० नव्हे, सुमारे ८२ ओहम येईल. हाकेंचा निर्देशांक चूक नाही. तो तयार फिल्मची तुलना करतो. शाई शोधण्याच्या टप्प्यावर मात्र तो फसवू शकतो.

तेव्हा शाईच्या घटकांसाठी हा गुणाकार मुख्य प्रतिसाद म्हणून घ्या आणि जाडी सगळ्यात शेवटी, वेग बदलून, हव्या त्या जागी आणा. फिल्म इतकी पातळ झाली की नॅनोट्यूबचं जाळंच तुटू लागतं, तेव्हा हे गणित कोलमडतं. म्हणून वेगाच्या दोन पातळ्या डिझाइनमध्ये ठेवाव्यात, पण मुख्यतः या गृहीतकाची परीक्षा म्हणून.

पायरी ३: डिझाइनआधी गोंगाट मोजा

एकाच रेसिपीच्या फिल्म परत परत बनवल्या तर उत्तरं किती हलतात (हाच गोंगाट), हे माहीत नसताना डिझाइन निवडणं म्हणजे अंधारात बाण मारणं. म्हणून मधली एक रेसिपी घ्या. तिच्या काही शाया वेगवेगळ्या, अगदी वजन करण्यापासून नव्याने बनवा. प्रत्येक शाईच्या दोन-तीन फिल्म करा आणि प्रत्येक फिल्मवर पाच ठिकाणी मोजा. यातून तीन वेगवेगळे गोंगाट सुटे होतात: शाई-शाईतला, फिल्म-फिल्ममधला आणि एकाच फिल्मवरच्या जागा-जागांमधला.

समजा लॉगच्या मापात फिल्म-फिल्ममधलं प्रमाण विचलन ०.१० आणि जागांमधलं ०.०५ आलं. एका फिल्मवर पाच रीडिंग घेतली तर सरासरीचं विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ०.०१ अधिक ०.०००५, म्हणजे ०.०१०५. पाचाऐवजी वीस रीडिंग घेतली तर ०.०१०१. चौपट कष्टाचं फळ जवळपास शून्य. त्याऐवजी दुसरी एक फिल्म बनवली असती तर विचरण थेट निम्मं झालं असतं.

यातून निघणारा नियम पक्का लक्षात ठेवा: एका फिल्मवरची पाच रीडिंग म्हणजे पाच प्रयोग नव्हेत. विश्लेषणात फिल्मची सरासरी एकच ओळ म्हणून जाते. पाचही रीडिंग वेगवेगळ्या ओळींत भरली की पी-व्हॅल्यू (खरा परिणाम नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता) खोट्या लहान दिसतात आणि नसलेले परिणाम ‘सिग्निफिकंट’ ठरतात. हीच गोष्ट एका शाईच्या अनेक फिल्मबाबत. त्या फिल्म स्पिनच्या वेगाबद्दल स्वतंत्र साक्ष देतात, नॅनोट्यूबच्या प्रमाणाबद्दल नाही.

पायरी ४: घटक आणि त्यांची पल्ला-मर्यादा

आपल्या उदाहरणात शाईचे तीन घटक: नॅनोट्यूबचं प्रमाण, सोनिकेशनची ऊर्जा आणि डीएमएसओ. चौथा घटक स्पिनचा वेग. बाकी सगळं गोठवायचं: काचेची सफाई, ॲनिलिंग, खोलीतली आर्द्रता.

सोनिकेशन मिनिटांत लिहू नका, यंत्र दाखवत असेल तर ज्यूलमध्ये लिहा. प्रोबचं टोक झिजलं, भांडं बदललं की तीच दहा मिनिटं वेगळी ऊर्जा देतात. प्रमाणाच्या बाबतीत पेडॉट-पीएसएसचं मूळ द्रावण ठरावीक ठेवून त्यावर किती नॅनोट्यूब आणि किती डीएमएसओ, असं लिहिलं की दोन्ही घटक स्वतंत्रपणे बदलता येतात. सगळ्यांची बेरीज १०० अशा भाषेत लिहिलं तर एक वाढवताना दुसरा आपोआप घटतो आणि मग मिश्रणांसाठीचं निराळं डिझाइन लागतं. डीएमएसओसाठी ५ टक्क्यांच्या आसपासचा पल्ला ही नेहमीची सुरुवात आहे.

मॅट्रिक्स, म्हणजे नॅनोट्यूब ज्यात मिसळतो ते पॉलिमर, अवाहक असेल, उदाहरणार्थ पॉलिस्टायरीन किंवा पीएमएमए, तर इथे थांबून विचार करा. अशा फिल्ममध्ये नॅनोट्यूब एका ठरावीक प्रमाणापर्यंत एकमेकींना जोडल्याच जात नाहीत, आणि ते प्रमाण ओलांडलं की वाहकता अचानक दहाच्या कित्येक पटींनी उसळते. हा परकोलेशन थ्रेशोल्ड. त्यानंतर वाहकता थ्रेशोल्डच्या वर गेलेल्या प्रमाणाच्या एका घाताने वाढते. त्रिमितीय जाळ्यात हा घात २ च्या आसपास, द्विमितीयात १.३. तुमच्या पल्ल्याचं एक टोक थ्रेशोल्डच्या खाली आणि दुसरं वर असेल, तर कुठलंही वर्गसमीकरण त्या उडीला नीट बसणार नाही. मॉडेल मधोमध काल्पनिक टेकडी किंवा खड्डा दाखवेल आणि तुम्ही त्यालाच उत्तम बिंदू समजाल. आधी मोजक्या फिल्म करून थ्रेशोल्ड शोधा, मग सगळा पल्ला त्याच्या वर ठेवा. पेडॉट-पीएसएस स्वतःच वाहक असल्याने आपल्या उदाहरणात अशी कडा नाही.

पायरी ५: डिझाइन आखणं

तीन शाई-घटक, प्रत्येकी दोन पातळ्या: ८ शाया. प्रत्येक शाई दोन वेगांवर: १६ फिल्म. शिवाय सगळे घटक मध्यावर असलेल्या ४ शाया स्वतंत्रपणे बनवायच्या, प्रत्येकीच्या मधल्या वेगावर २ फिल्म. एकूण १२ शाया, २४ फिल्म.

ही रचना स्प्लिट-प्लॉट आहे. हे नाव शेतीतून आलं: मोठ्या वाफ्यावर एक गोष्ट बदलायची आणि त्याच वाफ्याच्या तुकड्यांवर दुसरी. इथे शाई हा वाफा, फिल्म हा तुकडा. म्हणून नॅनोट्यूब, सोनिकेशन आणि डीएमएसओचे परिणाम शाई-शाईतल्या गोंगाटाशी ताडून पाहायचे आणि वेगाचा परिणाम फिल्म-फिल्ममधल्या गोंगाटाशी. मध्यावरच्या शाया नेमक्या यासाठीच आहेत.

बारा शायांचा क्रम चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाकडून ठरवा. ‘आधी सगळ्या कमी प्रमाणाच्या करून टाकू’ हा मोह टाळा, कारण दिवसभरात आर्द्रता बदलते, हॉट प्लेट तापत जाते, आणि हे सगळं मग नॅनोट्यूबच्या खात्यावर जमा होतं. मध्यावरच्या शाया सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी विखरून टाका. काम दोन दिवस चालणार असेल तर प्रत्येक दिवस एक ब्लॉक, म्हणजे वेगळा गट, धरा. आठ शायांचे चार-चारचे दोन गट असे पाडता येतात की दिवसाचा फरक फक्त तीन घटकांच्या एकत्रित आंतरक्रियेत (एकाचा परिणाम दुसऱ्यांवर अवलंबून असण्यात) मिसळतो, आणि ती सहसा नगण्य असते.

बरेच जण इथे तागुचीचा एल-९ तक्ता घेतात, कारण नऊ प्रयोगांत चार घटक तीन पातळ्यांवर बसतात. या कामासाठी मी तो सुचवणार नाही. चारही स्तंभ भरले की आंतरक्रिया मोजायला जागाच उरत नाही, आणि नॅनोट्यूब-सोनिकेशनची आंतरक्रिया हाच तर आपला मूळ प्रश्न आहे. घटक सहा-सात असतील आणि नुसती चाळणी करायची असेल तर प्लॅकेट-बर्मनचा १२ प्रयोगांचा तक्ता किंवा फ्रॅक्शनल फॅक्टोरियल (सगळ्या जोड्यांऐवजी निवडक जोड्यांचा तक्ता) बरा. आणि एक जुना संकेत पाळा: हाताशी असलेल्या साहित्याचा आणि वेळेचा पाव भागच पहिल्या डिझाइनवर खर्च करा.

पायरी ६: फिल्म बनवताना

द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं असेल तर नॅनोट्यूब घालण्याआधी गाळा. नंतर गाळलं तर गुच्छ फिल्टरवरच राहतात आणि वहीत लिहिलेलं प्रमाण फिल्ममध्ये नसतंच. सोनिकेशन बर्फाच्या भांड्यात करा. पीएसएस हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ॲनिलिंगनंतर किती वेळाने मोजायचं ते ठरवून प्रत्येक फिल्मला तेवढाच वेळ द्या. काचेच्या कडेला शाईची जाड किनार जमते, तिथे सुया टेकू नका. आणि वहीत शाईचा क्रमांक, फिल्मचा क्रमांक, वेळ, तापमान, आर्द्रता हे पाच रकाने असायलाच हवेत.

पायरी ७: आधी लॉग, मग विश्लेषण

१९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनचं डोपिंग करून (त्यात दुसरं रसायन मिसळून) त्याची वाहकता दशलक्षावधी पटींनी वाढवली, आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. तेव्हापासून या क्षेत्रातले बदल पटींतच बोलतात. बेरजेच्या भाषेत ते मोजले की गोंधळ होतो.

समजा चार शाया आहेत. नॅनोट्यूब कमी, डीएमएसओ कमी: १००० ओहम. फक्त नॅनोट्यूब वाढवल्या: ५००. फक्त डीएमएसओ वाढवलं: २००. दोन्ही वाढवलं: १००. साध्या आकड्यांत पाहिलं तर नॅनोट्यूबने एकदा ५०० ओहम कमी केले आणि दुसऱ्यांदा फक्त १००. वाटतं, केवढी मोठी आंतरक्रिया! पण दोन्ही वेळा रेझिस्टन्स निम्माच झालाय. लॉगमध्ये दोन्ही वेळा घट ०.३० आहे आणि आंतरक्रिया शून्य. शोधनिबंधांत दिसणाऱ्या कित्येक आंतरक्रिया अशा फक्त मापपट्टीमुळे उभ्या राहिलेल्या असतात. लॉग घेतल्याने आणखी एक काम होतं: मोठ्या रेझिस्टन्सच्या फिल्ममध्ये चढउतारही मोठे असतात, ते सगळीकडे साधारण सारखे होतात.

मग मॉडेल बसवा. आर या मोफत भाषेत किंवा पायथनच्या स्टॅट्समॉडेल्समध्ये शाईला रँडम इफेक्ट (स्वतःचा वेगळा गोंगाट असलेला गट) म्हणून सांगता येतं. घटक उणे एक ते अधिक एक अशा सांकेतिक मापात घाला, म्हणजे सहगुणकांची (समीकरणात प्रत्येक घटकाला लागणाऱ्या आकड्यांची) थेट तुलना होते. अवशेषांचे (मोजलेल्या आणि अंदाजित मूल्यांतल्या फरकांचे) तीन आलेख काढा: अंदाजित मूल्यासमोर, प्रयोगाच्या क्रमासमोर आणि नॉर्मल प्लॉट. क्रमासमोरच्या आलेखात उतार दिसला तर दिवसभरात काहीतरी सरकत होतं.

आर-स्क्वेअर (मॉडेल चढउताराचा किती हिस्सा समजावतं तो आकडा) ०.९९ आलं म्हणून खूश होऊ नका. वीस प्रयोगांत दहा सहगुणक बसवले की ते मोठं येणारच. प्रेडिक्टेड आर-स्क्वेअर पाहा, म्हणजे एकेक प्रयोग बाजूला ठेवून त्याचाच अंदाज बांधल्यावर काय उरतं ते. दोन्हींत मोठी दरी असेल तर मॉडेल गोंगाट पाठ करतंय.

पायरी ८: वक्रता दिसली तर

मध्यावरच्या शायांची सरासरी कोपऱ्यांवरच्या आठ शायांच्या सरासरीपेक्षा गोंगाटाबाहेर वेगळी असेल, तर पृष्ठभाग वाकलेला आहे. सोनिकेशनमुळे इथे तसं होण्याची दाट शक्यता असते. वक्रता नसेल तर उत्तम बिंदू पल्ल्याच्या बाहेर आहे. सुधारणेच्या दिशेने पावलं टाकत नव्या जागी जा आणि तिथे पुन्हा सुरुवात करा. बॉक्स आणि विल्सन यांनी १९५१ साली मांडलेली हीच ती चढणीची रीत.

वक्रता असेल तर आधीचं काही फेकायचं नाही. प्रत्येक शाई-घटकाच्या अक्षावर दोन अशा ६ शाया आणि मध्यावरच्या काही नव्या शाया जोडल्या की सेंट्रल कॉम्पोझिट डिझाइन पूर्ण होतं. अक्षावरचे बिंदू १.६८२ एवढ्या सांकेतिक अंतरावर ठेवले तर सगळ्या दिशांना अंदाजाची अचूकता सारखी राहते. पण तेवढ्या नॅनोट्यूब घातल्यावर शाई गुठळ्या धरत असेल तर हट्ट नको. अंतर १ ठेवा. सगळे घटक एकाच वेळी टोकाला नेणं अवघड असेल तर १९६० चं बॉक्स-बेनकेन डिझाइन सोयीचं, कारण त्यात कोपरे नसतात.

नव्या समीकरणाचा स्थिरबिंदू (जिथे उतार शून्य होतो) हा शिखर, दरी की खोगीर, हे तपासल्याशिवाय त्याला ‘ऑप्टिमम’ म्हणू नका. पुष्कळदा तो लांबलचक कणा निघतो: नॅनोट्यूब आणि सोनिकेशन एकत्र वाढवत गेलं तरी उत्तर जवळपास तेच. ही चांगली बातमी आहे. कण्यावर जिथे नॅनोट्यूब कमी लागतात ती जागा निवडा.

पायरी ९: एकाहून जास्त गुणधर्म

शीट रेझिस्टन्स, पारदर्शकता, शिवाय चिकटण्याची ताकद किंवा वाकवल्यावरचा टिकाऊपणा अशी यादी असेल तर डेरिंजर आणि सुइच यांचं १९८० चं डिझायरेबिलिटी फंक्शन वापरतात. प्रत्येक गुणधर्माला शून्य ते एक गुण द्यायचे आणि त्यांचा भूमितीय मध्य काढायचा. समजा ८० ओहमला १ आणि ३०० ओहमला ०, लॉगच्या मापावर. पारदर्शकतेला ८८ टक्क्यांवर १ आणि ७५ वर ०. मग १२० ओहम आणि ८४ टक्के या फिल्मला दोन्हीकडे साधारण ०.६९, म्हणून एकूण ०.६९. ८५ ओहम आणि ७७ टक्के या फिल्मला ०.९५ आणि ०.१५, साधी सरासरी ०.५५ दाखवेल, भूमितीय मध्य ०.३८. एक बाजू पडकी असलेली फिल्म तो माफ करत नाही, आणि तसंच हवं. मात्र ८०, ३०० हे आकडे उपकरणाच्या गरजेतून आले पाहिजेत आणि फिल्म मोजण्याआधी ठरले पाहिजेत.

पायरी १०: खात्रीच्या फिल्म

मॉडेलने सांगितलेल्या जागेवर नव्या शाया बनवा. जुन्या उरलेल्या शाईवर भागवू नका. निकाल प्रेडिक्शन इंटरव्हलशी ताडा, कॉन्फिडन्स इंटरव्हलशी नाही; दुसरा इंटरव्हल सरासरीबद्दल बोलतो, तुमच्या हातात एकेक शाई आहे. अंदाज लॉगमध्ये १.९५ आणि मर्यादा उणे-अधिक ०.१५ असेल, तर ओहममध्ये तो ८९, आणि मर्यादा ६३ ते १२६. परत उलटवल्यावर मर्यादा दोन्ही बाजूंना सारख्या राहत नाहीत, आणि ८९ हा मध्यक आहे, साधी सरासरी नव्हे. अहवालात हे स्पष्ट लिहा.

सगळ्या शाया मर्यादेत आल्या तर रेसिपीभोवती जरा इकडेतिकडे सरकून आणखी काही शाया करा: सोनिकेशन थोडं कमी, डीएमएसओ थोडं जास्त. उत्तर फारसं हललं नाही तर ती रेसिपी दुसऱ्या लॅबमध्येही टिकेल. शाया मर्यादेबाहेर पडल्या तर आधी त्याच दिवशी मध्यावरच्या रेसिपीची एक शाई बनवून मोजा. तीही सरकली असेल तर दोष मॉडेलचा नाही; नॅनोट्यूबची बॅच, प्रोबचं टोक आणि आर्द्रता तपासा. ती जागेवर असेल तर मॉडेलच्या त्या भागात फिल्म कमी पडल्या आहेत, तिथे आणखी बिंदू टाका आणि सहगुणक नव्याने काढा.